लंडन पायी कळते

लंडनला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात भुयारी रेल्वेचा नकाशा पडतो, आणि पुढे वर्षभर त्याचे लंडन त्या नकाशाएवढेच राहते. हॅरी बेक या आरेखकाने १९३१ साली आखलेला हा नकाशा गाडी कुठे बदलायची ते चोख सांगतो. अंतर मात्र त्यात खरे नसते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम पाव किलोमीटर. बेजवॉटर आणि क्वीन्सवे ही स्थानके तर एकाच रस्त्यावर आहेत, पण रेल्वेने एकीकडून दुसरीकडे जायचे तर नॉटिंग हिल गेटला गाडी बदलावी लागते. मीही तिथे विद्यार्थी होतो, आणि माझे म्हणणे असे की परक्या शहरात पायी हिंडणे हा सुट्टीतला विरंगुळा नव्हे, अभ्यासाचाच भाग आहे. कोणती वस्ती कुठे आणि का वसली याचे उत्तर पुष्कळदा अंतरात असते, आणि भुयारातून जाणाऱ्याला अंतर कळतच नाही.

ब्रिक लेनच्या मशिदीचेच पाहा. ही इमारत १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनॉट पंथीयांचे प्रार्थनाघर म्हणून बांधली गेली. पुढे ती मेथॉडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. एवढे वाचून लंडनच्या उदार मनाचे कौतुक करून मोकळे होता येते. पण लिव्हरपूल स्ट्रीटहून चालत जा. बँकांचे काचेचे मनोरे मागे पडतात न पडतात तोच स्पिटलफील्ड्समधली विणकरांची विटांची घरे लागतात; मागावर उजेड पडावा म्हणून माळ्याला रुंद खिडक्या ठेवलेली. जुन्या शहराची हद्द संपते तिथेच ही वस्ती सुरू होते. हद्दीच्या आत कारागीरसंघांचे निर्बंध होते; बाहेर भाडे परवडे, आणि थेम्सच्या गोद्या अर्ध्या तासाच्या चालीवर होत्या. रेशीम विणणारे ह्यूगनॉट, रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, मग सिल्हेटचे बंगाली, असे सगळे एकामागून एक इथेच टेकले ते औदार्यापेक्षा या भूगोलामुळे, असे मला वाटते.

हे घरबसल्या गुगल स्ट्रीट व्ह्यूवर दिसणार नाही का, असा प्रश्न कोणी विचारील. दिसेल, पण पडद्यावर आपण तेच शोधतो जे आधीपासून ठाऊक असते. श्रीमंत रस्ता कोणत्या कोपऱ्यावर संपला, हे शोधायचे कोणाला सुचत नाही. चार्ल्स बूथने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या दारिद्र्याचा नकाशा केला तेव्हा जनगणनेचे आकडे उपलब्ध होतेच. तरीही त्याचे सहकारी गस्तीच्या पोलिसांबरोबर गल्लोगल्ली हिंडले, आणि रस्त्यागणिक काळ्यापासून पिवळ्यापर्यंत रंग ठरले. त्यांच्या टिपणवह्या आज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संग्रहात आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या वह्या वाचाव्यात आणि त्याच गल्ल्या चालू नयेत, हे मला तरी विचित्र वाटते.

वेळेचा आक्षेप अधिक खरा आहे. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास नोकरी, वर निबंध आणि स्वयंपाक, हिंडायचे कधी? पण चालणे ही रिकामटेकड्यांची चैन असते तर गांधीजींनी विद्यार्थिदशेत मुद्दाम अशी खोली शोधली नसती की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल. त्यांना गाडीभाडे वाचवायचे होते. रोज आठ-दहा मैल चालणे झाले आणि प्रकृतीही चांगली राहिली, असे ते आत्मचरित्रात सांगतात. वेगळा वेळ काढण्याची गरज नाही, परतताना दोन स्थानके आधी उतरले तरी पुरे. लंडनच्या वाहतूक खात्यानेच २०१५ मध्ये स्थानकांमधली चालण्याची मिनिटे दाखवणारा नकाशा काढला. अंधाराच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि एकट्या मुलीने अनोळखी गल्लीत काय जोखीम घ्यावी हे तिला सल्ला देणाऱ्या पुरुषाने ठरवू नये. दिवसाउजेडी, दोघीतिघींनी मिळून चालणे हा तोडगा अर्धामुर्धाच आहे.

म्हणून येत्या सप्टेंबरात जाणाऱ्यांनी दिवस मोठे आहेत तोवरच सुरुवात करावी. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज ते स्मारक आहे. ते आधी पाहा. मग रीजंट्स पार्कमधून ब्रिटिश म्युझियमकडे निघा, जिथल्या ग्रंथालयात बाबासाहेब वाचत बसत. तासाभराची वाट आहे. बस घेऊ नका.