शिट्टी वाढली, बास बसला!

फीडबॅकचं सूत्र वर्गात पाठ केलं. कळलं मात्र इथे नगरच्या हॉस्टेलवर, हेडफोन लावून पीसीवर सिंथेसायझर वाजवताना. मूगच्या लॅडर फिल्टरचा रेझोनन्स वाढवला, की कटऑफजवळचा सूर शिट्टी मारतो आणि बास बसतो. कारण? निगेटिव्ह फीडबॅक! तो चौपट झाला की शिट्टी आपोआप वाजते आणि बासचा गेन उरतो 1/(1+4), म्हणजे जवळजवळ 14 डेसिबल कमी. अशा वेळी नुसता व्हॉल्यूम वाढवला, तर शिट्टीच आधी कान फोडते. म्हणून मी बास फिल्टरविना वेगळ्या ट्रॅकवर ठेवते आणि फिल्टरनंतर लिमिटर लावते.

चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत रोलंड टीबी-303 घेऊन राग रेकॉर्ड केले. त्यात फिल्टर वळवळतो, पण राग हरवत नाही.

शाळेच्या क्वायरमध्ये सिस्टर सांगायच्या, ओरडणं म्हणजे गाणं नव्हे. गॅदरिंगच्या साउंडवाल्यांनो, ऐकताय ना?