ओटीपी मीच सांगितला होता

पालक सभेतल्या माझ्या भाषणाची सुरुवात ठरलेली असायची. "हिंगोलीत काय झालं ते विसरलात का?" २०१९च्या मार्चमध्ये हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. मी दौंडची. वडील लोको शेडला, आमचं सगळं लहानपण रेल्वे कॉलनीत गेलेलं. रुळावर माणूस गेला की कॉलनीत चूल कशी उशिरा पेटते हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे "रूळ" म्हणताना माझा आवाज खरोखर कापायचा आणि समोरचे पालक गप्प व्हायचे. ती शांतता मला आवडायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आवडायची.

मी शिरूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सासर बेट भागात, घोड आणि कुकडीच्या मधल्या पट्ट्यात. आमचे हे रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला, आणि मुलगा आता नववीत. या खेळांवर बंदी हाच एक उपाय आहे असं मी सहा वर्षं सांगत आले. भाषणात पुरावे भरपूर असायचे. मुंबईतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत पबजीवर बंदीसाठी उच्च न्यायालयात याचिका केली होती, ती मी हमखास सांगायची. पोराला कळतं ते तुम्हाला कळत नाही, असा टोमणा त्यात आयताच सापडायचा. पंतप्रधानांनी परीक्षेवरच्या कार्यक्रमात एका आईला "ये पबजीवाला है क्या" विचारलं तेव्हा सगळा देश हसला. मी हसले नाही. हसण्यावारी नेताय म्हणून मी घरातल्या टीव्हीवरच चिडले होते.

२ सप्टेंबर २०२०ला पबजीसह ११८ ॲप बंद झाली आणि मला वाटलं, सरकारने आयांचं ऐकलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अभिनंदनाचा संदेशही टाकला. कुणाचं अभिनंदन, देव जाणे. ती बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली होती आणि कारण होतं देशाची सुरक्षा आणि आपली माहिती बाहेर जाण्याची भीती; मागे चीनशी सीमेवरचा तणाव होता. मुलांचं नावही त्या कारणांत नव्हतं. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. खेळ गुणांनी वाईट ठरलाच नव्हता. त्याचा पत्ता चुकीचा ठरला होता.

अभिनंदनाचा तो संदेश ज्या ग्रुपवर गेला तो ग्रुप कसा जमला होता, हे तर मी सोयीने विसरले होते. जून २०२०मध्ये शाळा उघडली नाही. वरून आदेश आला, ऑनलाइन शिकवा. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून कमी घरांत स्मार्टफोन होता. मी एकेका वडलांना फोन केला. "कसंही करा, पण पोराला मोबाइल घ्या. वर्ष वाया जाईल." एकाने दोन शेळ्या विकल्या. पावती घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आला होता तो, मला दाखवायला, "घेतला बघा मॅडम" म्हणून. मी शाबासकी दिली. पुढे त्याच माणसाला मी सभेत उभं करून विचारलं होतं, "लहान पोराच्या हातात फोन देताना काही वाटलं नाही?" तो काही बोलला नाही. टोपी सरळ केली आणि खाली बसला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, ती बातमी मी कापून शाळेत लावली. यवतमाळच्या बान्सी गावाने तर अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचाच ठराव केला. मग आमच्याकडेही भोंगा आणवला. पहिले चार दिवस वाजला तेव्हा गंमत म्हणून सगळ्यांनी पाळला. पाचव्या दिवसापासून भोंगा वाजला की घराघरातून मालिकांचा आवाज वाढायला लागला, कारण भोंग्यात संवाद ऐकू येत नव्हते. माझ्या सासूबाईंनीही वाढवला. त्यांना मी काय बोलणार?

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याने तीन जीव घेतले, त्यातली दोन मुलं. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. शेतात जाणाऱ्या बायका गळ्यात खिळे मारलेले पट्टे घालून जात होत्या. उसाच्या कडेने कुणी एकटं चालेना. पाच वाजले की पोरं घरात आणि दाराला कडी. मैदान, ओढा, विटी-दांडू, सायकली, सगळं उसाच्या पलीकडे राहिलं. घरात चार भिंती आणि एक मोबाइल. त्या महिन्यात मुलांना मोबाइल द्यायला कुठल्याही आईला अपराधी वाटलं नसेल. मलाही नाही वाटलं. दाराबाहेर खरा बिबट्या असताना आत खोटी बंदूक चालली तर चालू दे म्हटलं.

अशाच एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि आतल्या खोलीतून एका पुरुषाचा आवाज आला. आईवरून शिवी. पाठोपाठ दुसरी, हिंदीतून, अशी की मी ती दौंड स्टेशनावरच्या हमालांच्या भांडणातही ऐकली नव्हती. पीठ माखल्या हाताने धावले. मुलगा पलंगावर, कानातली वायर निसटलेली, आणि तो तिशीतला आवाज माझ्या चौदा वर्षांच्या पोराला सांगत होता की तुझ्यामुळे आपण हरलो. मुलाचा चेहरा अगदी साधा होता, मला त्याचीच भीती वाटली. तो म्हणाला, "मम्मी, असं रोजच असतं. मी माइक बंद ठेवतो."

मी हात उगारला. तो मागे सरकला आणि म्हणाला, "तूच तर ओटीपी दिला होतास."

कुठला खेळ ते लिहीत नाही, त्या जातीचे सगळे एकाच छापाचे. जुलै २०२१मध्ये पबजी नाव बदलून बीजीएमआय होऊन परत आला तेव्हा त्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी नियम लावले होते: पालकाचा नंबर द्या, दिवसाला तीनच तास खेळा, खर्च दिवसाला सात हजारांच्या वर नाही. (सात हजार! आमच्याकडे ऊसतोडीची उचल घेणारा माणूसही एवढ्या आकड्यावर थबकेल.) रक्ताचा रंगसुद्धा हिरवा करून दिला होता. मुलाने उघडलेल्या खेळानेही असाच पालकाचा नंबर मागितला. तो तेव्हा पाचवीत होता. मी त्या काळात दिवसभर कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरायचे आणि दिवसाला आठ-दहा ओटीपी यायचे. तो म्हणाला, मम्मी आकडे सांग. मी मान वर न करता सांगितले असणार. आठवत नाही. संदेश मात्र फोनमध्ये होता, आम्ही दोघांनी मिळून शोधला. तारीख होती, वेळ होती, पावणेपाच.

म्हणजे परवानगी मागितली गेली होती आणि मी ती दिली होती.

रात्री दौंडला दादाला फोन लावला. त्याला मुद्दाम लावला, कारण आमच्या घरात या विषयावर पट्टा त्यानेच खाल्लेला. नव्वदच्या दशकात स्टेशनरोडला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, नाणं टाकून खेळायचं. 'मुस्तफा' म्हणून एक खेळ होता. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण दौंडमध्ये काय, कुठेच ते कुणी म्हणत नसे. दादा त्यात पटाईत. अण्णांना, म्हणजे वडलांना, कळलं तेव्हा त्यांनी चारचौघांत कंबरेचा पट्टा काढला. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. नंतर दादा पार्लरला गेला नाही, आणि अण्णा मरेपर्यंत हा किस्सा आपल्या वचकाचा पुरावा म्हणून सांगत. माझ्या भाषणातही तो कधीकधी यायचा.

दादा हसायलाच लागला. "अगं, मी सोडलं कुठं? पॅसेंजर धरून पुण्याला जायचो. रेल्वेवाल्याचं पोर, टीसी कशाला अडवतोय! दौंडला खेळायचो तेव्हा निदान रात्री आठला घरी असायचो." मग जरा थांबून म्हणाला, "पुण्यात ते सोडून बाकीचंही बरंच शिकलो." काय शिकला ते मी विचारलं नाही. पंचवीस वर्षं मी ज्या पट्ट्याचं कौतुक केलं त्याने दादाला पाचशे मीटरवरून पंचाहत्तर किलोमीटरवर नेऊन ठेवलं होतं, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटलं, शिकव मला. विमानातून उडी मारायची, बंदूक शोधायची, आखडत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचं. मी तीन मिनिटांत मेले. तो खूश झाला, पण हसला नाही, म्हणाला, "मम्मी, तू दारातच उभी राहिलीस. दारात कधी उभं राहायचं नसतं." त्याच्या चौकडीत तो, त्याच्याच वर्गातला एक आणि वढू रस्त्याच्या पलीकडे मामाकडे राहायला गेलेला एक मित्र होता. चौथा कोण ते त्याला माहीत नव्हतं. चौथा रोज बदलायचा. शिव्या त्या चौथ्याकडून यायच्या. मी सहा वर्षं बंदुकीवर बोलत होते आणि घरात शिरला होता तो चौथा. सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी आवाज बंद करता येतो, फक्त ओळखीच्यांशी खेळता येतं. ते करायला आम्हाला दोन मिनिटं लागली नाहीत.

आणखी एक गोष्ट मला माझ्याबद्दल कळली, ती जास्त बोचते. दादाच्या मुलाकडे कॉम्प्युटरवर जीटीए आहे. या मालिकेच्या खोक्यावर अमेरिकेत सतरा आणि युरोपात अठरा असा वयाचा आकडा छापलेला असतो. मी सुट्टीत तिथे माझ्या मुलाच्या मागे उभी राहून मिनिटभर पाहिलं होतं: गाडी चालवतोय, शहर आहे, समुद्र आहे. एकही उघडी बाई दिसली नाही, म्हणून मी चहाला निघून गेले. आपल्याकडे "प्रौढांसाठी" म्हणजे चावट. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा म्हटला की माणूस आधी तोच अर्थ घेतो. चौफुल्याच्या लावणीच्या थिएटरात कोण जातं यावर आमच्या दौंडमध्ये अख्ख्या घराण्यांची सोयरीक मोडायची, पण त्याच घरांत रविवारी दुपारी मुंडकी उडणारे सिनेमे जेवता जेवता लहान पोरांसकट पाहिले जात. मीही तसेच पाहिलेत. वयाचा तो आकडा मी वाचला होता. माझ्यापुरता त्याचा अर्थ मी आधीच लावून मोकळी झाले होते.

अमेरिकेत हे प्रकरण १९९३मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'वरून थेट सिनेटपर्यंत गेलं आणि १९९४मध्ये त्या धंद्याने स्वतःच वयाचे शिक्के मारणारं मंडळ काढलं. आपल्याकडे सिनेमाला मंडळ आहे, २०२४पासून सात, तेरा, सोळा अशा बारीक पायऱ्याही आल्या. खेळांसाठी असं स्वतंत्र मंडळ नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा आला तोही मुख्यतः पैसे लावायच्या खेळांना बंद करण्यासाठी. असं मंडळ व्हावं असं मला अजूनही वाटतं. पण शिक्का वाचायचा कुणी, तर ज्याच्याकडे ओटीपी येतो त्याने.

बंदी मागणं मी सोडलं आहे. चौदाव्या वर्षी असले खेळ खेळावेत का, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. काही दिवशी वाटतं नकोच, काही दिवशी वाटतं संध्याकाळी त्याचे दोन मित्र आहेत ते तेवढेच. आता खेळणं सोप्यात, सगळ्यांच्या देखत, कानात वायर नाही. सासूबाई मालिका म्यूट करून बघतात की कोण मेलं. "आपला आहे का अजून?" असं विचारतात. आमचे हे म्हणतात तू पोराला बिघडवतेस. असेलही.

डिसेंबरच्या पालक सभेत मी हिंगोलीचं सांगितलं नाही. माझ्या ओटीपीचं सांगितलं. तारखेसकट. भाषण संपल्यावर नेहमीची ती शांतता पडली नाही. मागच्या बाया आपसात बोलायलाच लागल्या. शेळ्या विकणारा तो बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याची मी माफी मागायला हवी होती. ती सभेत मागता आली नाही, नंतर फाटकापाशी कशीबशी मागितली. त्याने ऐकलं, मान हलवली आणि खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. काच तडकलेली, तोच २०२०चा फोन. "बघा तर मॅडम, माझ्यातबी आलाय का तसला मेसेज."

न वाचलेले चार-साडेचार हजार संदेश होते. बँकेचे, खतांचे, रिचार्जचे, निवडणुकीचे. मी वर सरकवत राहिले, मागे आणखी तिघीजणी फोन हातात घेऊन उभ्या राहिल्या. २०२३पर्यंत पोचले तोवर पाच वाजत आले. उसाकडे बघून कुणीतरी म्हणालं, आता निघायला पाहिजे. उरलेलं उद्या, असं ठरलं, आणि सगळे घोळक्याने वस्तीकडे निघाले.