माणची खाचरे आणि विद्यार्थ्यांचे ताट

चातुर्मासाच्या आरंभी मुळशी तालुक्यातील माण येथे जाणे झाले. हिंजवडीच्या आयटी पार्कचे मनोरे शिवारात शिरले असले, तरी उरलेल्या खाचरांत भातलावणी चालू होती. याच तालुक्यात लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठे उभी आहेत. घरापासून दूर आलेली मुले तेथील भोजनगृहांत जेवतात.

विद्यापीठांत वनस्पतिजन्य आहार रुजावा, या उपक्रमाची धुरा माझ्याकडे आहे. काय खाऊ नये, याचे फलक लावण्याचे मनात होते. बांधावर उभा असताना कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. जैन कुळात जन्मलेल्या भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. तेथे पंगत सर्वांची होती.

फलकांचा बेत मी सोडला. आता भोजनगृहांपुढे ताटच मांडणार आहे: आंबेमोहराचा वाफाळता भात, तुरीची आमटी, दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. यात दूध-तूप नाही, कंदमूळही नाही. अहिंसा रुचकर होऊन पानात आली, तरच शेजारी बसलेला मुलगा आपणहून दुसऱ्यांदा वाढून घेईल.