पडद्याचा ताल कोणीं धरावा?

संगणकावरील खेळ हा विषय वडील मंडळींच्या विचारास योग्य नाहीं, असा एक समज सुशिक्षित घरांतून अद्यापि आढळतो. मुलांनीं किती वेळ खेळावें एवढाच प्रश्न वडिलांनीं सोडवावा आणि साधनांची निवड मुलांवर व दुकानदारावर सोपवावी, अशी बहुतेक ठिकाणची वहिवाट आहे. परंतु ज्या साधनास घरचा पैसा लागतो, जें आठ-दहा वर्षें घरांत राहतें, आणि ज्यावर खेळाइतकाच अभ्यास, कचेरीचें काम व आजीचें कीर्तनश्रवणही चालतें, त्याची परीक्षा घरच्या कर्त्या माणसांस करतां आली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. संगणकाचा पडदा, म्हणजे ज्यास सर्वजण मॉनिटर म्हणतात तो, याच जातीचा आहे.

आम्ही एकत्र राहणारीं अकरा माणसें आहों. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास माडीवरील सामाईक संगणकाचा मॉनिटर बदलण्याची वेळ आली, तेव्हां मुलांत दोन पक्ष पडले. पुतण्या जी-सिंक या नांवाचा आग्रह धरी, आणि आमचे चिरंजीव फ्रीसिंक या नांवाचा. दोघांनाही बदलत्या वेगाचा पडदा हवा होता. तंटा होता तो कोणत्या घराण्याचा घ्यावा याविषयीं. निवाडा आमच्याकडे आला, आणि निवाडा करावयाचा तर आधीं प्रकरण समजून घेणें प्राप्त होतें.

पडद्यावर हलणारें चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. साधा मॉनिटर एका सेकंदांत ६० वेळां चित्र बदलतो. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. चित्रपटाचीं चित्रें आधींच तयार असतात. तीं ठरल्या वेगानें पुढें सरकविलीं म्हणजे झालें. खेळाची गोष्ट निराळी. तेथें पुढचें चित्र कोणतें हें खेळणाऱ्याच्या हाताच्या हालचालीवर अवलंबून असल्यामुळें ग्राफिक्स कार्डास तें त्याच क्षणीं काढावें लागतें. मोकळा रस्ता काढावयास १२ मिलिसेकंद पुरतील, तर धूर, पाऊस व गर्दी यांनीं भरलेला चौक काढावयास २० लागतील. असा चित्रकाराचा हात कधीं जलद, कधीं मंद. आणि पडद्याचें घड्याळ मात्र एकसारखें.

यांतून दोन दोष उत्पन्न होतात, आणि एक टाळावा तर दुसरा पदरीं येतो. कार्डानें चित्र तयार होतांक्षणींच पडद्याकडे लोटलें, तर पडद्याचा वरचा भाग जुन्या चित्राचा व खालचा नव्याचा असा प्रकार होऊन चित्र आडवें फाटल्यासारखें दिसतें. हें टाळण्यासाठीं व्ही-सिंक नांवाची जुनी युक्ति आहे. तिच्यांत कार्डानें पडद्याच्या पुढच्या पाळीची वाट पाहावयाची असते. मग गाडी सुटल्यावर फलाटावर पोंचलेल्या उतारूची जी गत, ती चित्राची होते. २० मिलिसेकंदांत तयार झालेलें चित्र १६.७ ची गाडी चुकल्यामुळें ३३.३ च्या गाडीनें निघतें. सेकंदाला ५० चित्रें काढण्याची ऐपत असलेलें कार्ड अशा रीतीनें ३० वर येऊन बसतें, खेळांत हिसके बसतात, आणि कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब वाढतो.

पडद्याचें घड्याळ इतकें हट्टी कां, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस विशेष बोधप्रद वाटलें. जुन्या कांचेच्या नळीच्या दूरदर्शन संचांत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर रेघेमागून रेघ ओढीत खालीं जाई व पुन्हां वर येई. त्याची गति त्या काळीं विजेच्या प्रवाहाच्या वारंवारतेशीं जुळती ठेवीत. म्हणून अमेरिकेंत ६०, आणि युरोपांत व आपल्याकडे ५० हे आंकडे रूढ झाले. पुढें सपाट पडदे आले. त्यांत झोत नाहीं व नळीही नाहीं. नवें चित्र येईपर्यंत जुनें कांहीं काळ धरून ठेवण्याचा गुण मात्र आहे. तरीही ठराविक वेगाचा नियम तसाच चालू राहिला. कारण गेलें व रूढि राहिली, असा प्रकार समाजांतच घडतो असें नाहीं, यंत्रांतही घडतो.

ही रूढि मोडणारा विचार अगदीं साधा आहे. एक चित्र रेखून झाल्यावर दुसरें सुरू होण्यापूर्वीं पडद्यास जो अल्प विराम असतो, तो लांबवावयाचा. कार्डाचें पुढचें चित्र तयार झालें कीं विराम संपवावयाचा. म्हणजे चित्रानें पडद्यासाठीं खोळंबण्याऐवजीं पडदा चित्रासाठीं थांबतो. आमचे काका तबला व पेटी दोन्ही वाजवितात. त्यांस हें सांगतांच ते म्हणाले, "अरे, मग एवढें अवघड काय आहे? ठेका चालू असला म्हणजे गवयाला समेवर येऊन मिळावेंच लागतें. आलापींत सारंगीवाला गवयाच्या मागून जातो. तुमच्या पडद्याला आतां सारंगीची साथ शिकवली आहे, इतकेंच." आम्हीं वाचलेल्या साऱ्या स्पष्टीकरणांत इतकें नेमकें एकही नव्हतें.

विचार एक असला तरी तो अमलांत आणणाऱ्यांच्या वाटा दोन झाल्या. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीनें ऑक्टोबर २०१३ मध्यें मॉन्ट्रियल येथें जी-सिंक जाहीर केलें. मॉनिटरच्या आंत चित्राची व्यवस्था पाहणारा जो नेहमींचा भाग असतो, तो काढून तेथें कंपनीनें स्वतःचें मंडल बसविलें. त्यांत अल्टेरा कंपनीची, रचना पुन्हां बदलतां येणारी चिप होती व ७६८ मेगाबाइट स्मृति होती. एसूसच्या एका विशिष्ट मॉनिटरमध्यें घरच्या घरीं बसवितां येईल असा संच प्रथम विक्रीस आला, त्याचीच किंमत १९९ डॉलर होती. हें सारें केवळ एन्व्हिडियाच्याच कार्डाशीं चाले. मात्र काम चोख होतें. चित्रांचा वेग फार घसरला तर तेंच चित्र पुन्हां दाखवून पडदा सांभाळून घेणें, बदलत्या वेगाबरोबर पडद्याच्या ठिपक्यांस द्यावयाचा विजेचा जोर बदलून चित्रामागें सावली उरूं न देणें, इत्यादि बारकावे त्या मंडलांत होते. आणि कंपनी प्रत्येक नमुना तपासून मगच त्यास आपलें नांव देई.

प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीनें जानेवारी २०१४ मध्यें लास व्हेगासच्या प्रदर्शनांत बाजारांत मिळणाऱ्या साध्या तोशिबा लॅपटॉपांवर हाच परिणाम वेगळें मंडल न घालतां करून दाखविला. लॅपटॉपच्या आंतल्या पडद्यांच्या नियमांत ही सोय २००९ पासूनच होती. मग पडद्यांचे नियम ठरविणारी जी व्हेसा नांवाची संस्था आहे, तिनें मे २०१४ मध्यें ॲडॅप्टिव्ह-सिंक या नांवानें ती सोय डिस्प्लेपोर्टच्या १.२ए नियमावलींत घातली. तिच्यासाठीं कोणास शुल्क द्यावयाचें नव्हतें. एएमडीनें याच पायावर फ्रीसिंक उभारलें, आणि मार्च २०१५ पर्यंत तसे मॉनिटर कंपनीच्या कार्डांबरोबर बाजारांत चालूं लागले.

येथवर ऐकल्यावर आमचा कल उघड्या नियमाकडे झुकला, याचें कारण केवळ किंमत नव्हे. आमच्या घरांत वस्तु एकाची नसते. पुतण्याचें कार्ड एन्व्हिडियाचें, त्यानें शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेलें. तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला कीं कार्ड त्याच्याबरोबर जाणार. पडदा घरींच राहणार. मागाहून चिरंजीव कोणतें कार्ड आणतील, आणि त्यांच्यामागून धाकटी पुतणी कोणतें आणील, हें आज कोण सांगणार? कार्ड तीन-चार वर्षांत जुनें होतें, पडदा दुप्पट-तिप्पट टिकतो. अशा स्थितींत पडद्याचा विशेष गुण एकाच कंपनीच्या कार्डाशीं बांधलेला असेल, तर पुढच्या प्रत्येक कार्डाची निवड आजच करून ठेवल्यासारखें होतें. खरेदी एकदां, आणि बांधिलकी मात्र दहा वर्षांची! एकट्या माणसास हें कदाचित् जाणवणार नाहीं. एकत्र कुटुंबास जाणवल्यावांचून राहत नाहीं.

तथापि पुतण्याचें म्हणणें पोरकट नव्हतें. उघड्या नियमांत एक मोठा छिद्रमार्ग राहून गेला होता. व्हेसाची ही सोय ऐच्छिक होती, आणि ती किती चांगली करावी यावर आरंभीं कडक बंधन नव्हतें. त्यामुळें ४८ पासून ७५ हर्ट्झ एवढ्याच अरुंद पट्ट्यांत चालणारे मॉनिटरही फ्रीसिंक म्हणून विकले गेले. चित्रांचा वेग ४८ च्या खालीं गेला कीं तेच हिसके, तेंच फाटणें! एकेक चित्र दोनदां दाखवून खालची उणीव भरून काढावी, तर त्यास कमाल वेग किमान वेगाच्या निदान दुप्पट तरी हवा. ४८ ची दुप्पट ७५ मध्यें मावत नाहीं. सुरुवातीच्या कांहीं मॉनिटरांत तर बदलता वेग चालू करतांच सावली पुसणारी योजना बंद पडे. नांव एक, आणि त्याखालीं उत्तम, मध्यम व निकृष्ट असे सर्व माल! ज्या दारांतून कोणीही येऊं शकतो, त्या दारांतून कोणीही येतो, हें पुतण्याचें उत्तर आम्हांस खोडतां आलें नाहीं.

या भांडणास वळण मिळालें तें जानेवारी २०१९ मध्यें. एन्व्हिडियानें आपलीं कार्डें व्हेसाच्या उघड्या नियमाच्या मॉनिटरांशीं चालूं देण्याचें जाहीर केलें. त्याच वेळीं कंपनीनें सांगितलें कीं, तपासलेल्या ४०० मॉनिटरांपैकीं १२ च तिच्या कसोटीस उतरले. त्यांस तिनें जी-सिंक कंपॅटिबल ही पदवी दिली, व इतरांवर ग्राहकानें हवी तर ती सोय आपल्या हातानें चालू करावी अशी मुभा ठेविली. या एका घोषणेंत दोन्ही पक्षांचें सत्य आलें आहे. दार उघडल्यावांचून कंपनीचाही निभाव लागला नाहीं. आणि ४०० पैकीं १२ या आंकड्यानें हेंही दाखविलें कीं नुसत्या उघड्या दारानें गुण येत नाहीं. अर्थात् परीक्षक स्वतःच स्पर्धक होता, हें विसरून चालणार नाहीं.

पुढचीं वर्षें या दोन सत्यांची सांगड घालण्यांत गेलीं. २०२० मध्यें एएमडीनें फ्रीसिंकच्या श्रेण्या लावल्या; प्रीमियम श्रेणीस निदान १२० हर्ट्झ व खालच्या वेगाची भरपाई या अटी घातल्या. मे २०२२ मध्यें खुद्द व्हेसानें परीक्षा सुरू केली. तिच्या वरच्या चिन्हासाठीं निदान ६० पासून १४४ हर्ट्झपर्यंतचा पट्टा लागतो. म्हणजे आतां नियम करणारी तटस्थ संस्थाच परीक्षकही झाली. इकडे एचडीएमआयच्या २.१ नियमावलींत २०१७ मध्येंच बदलत्या वेगाची सोय आली होती, त्यामुळें दिवाणखान्यांतील दूरदर्शन संचापर्यंत ती पोंचली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्यें एन्व्हिडियानें मीडियाटेक कंपनीबरोबर करार करून जी-सिंकचे गुण मॉनिटरच्या नेहमींच्या चिपमध्येंच घालण्याचें जाहीर केलें. ज्या वेगळ्या मंडलापासून भांडण सुरू झालें, त्याची गरजच अशा रीतीनें सरूं लागली.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं निवाडा दिला तो असा. पडदा उघड्या नियमाचा घ्यावा. परंतु खोक्यावरील चिन्हावर न विसंबतां. दुकानांत आम्हीं विक्रेत्यास एवढेंच विचारलें कीं, वेग किती हर्ट्झपासून कितीपर्यंत बदलतो? "सगळ्या कार्डांवर चालतो, साहेब," हें उत्तर तीन वेळां मिळालें. आंकडा मिळाला नाहीं. तो शेवटीं उत्पादकाच्या माहितीपत्रकांत सांपडला. ४८ पासून १४४ चा पट्टा असलेला मॉनिटर घरीं आला, आणि पुतण्याच्या कार्डावर व चिरंजीवांच्या दुसऱ्या घराण्याच्या लॅपटॉपवर सारखाच चालला. तो निर्दोष आहे असें नव्हे. अंधाराच्या देखाव्यांत वेग झपाट्यानें खालींवर झाला तर प्रकाश किंचित् थरथरतो. काकांच्या डोळ्यांस तें प्रथम जाणवलें. या जातीच्या कांहीं पडद्यांत हा दोष असतो, आणि ओलेड पडद्यांतही तो आढळतो. रात्रीं खोलींतला दिवा चालू ठेवावा, असें त्यावर घरांत ठरलें आहे.

ज्या कुटुंबांत अशी खरेदी व्हावयाची असेल त्यांस आमची सूचना एवढीच, कीं आधीं पट्टा विचारावा, मग तपासणीचें चिन्ह कोणाचें आहे तें पाहावें, आणि कंपनीचें नांव सर्वांत शेवटीं वाचावें. कमाल वेग किमान वेगाच्या दुपटीहून बराच अधिक असेल तर बहुतेक काळजी मिटते. मुलांच्या भांडणांत कोणाचा पक्ष खरा, असें आम्हांस घरांत अजून विचारतात. आमचें उत्तर ठरलेलें आहे. पहिली शिस्त बंद दारामागें जन्मास आली हें खरें, आणि ती तेथेंच राहती तर तिचा लाभ थोड्यांना होता हेंही खरें. नियम सर्वांचा व परीक्षा कडक, या दोन गोष्टी एकत्र नांदूं लागल्या तेव्हांच सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं धड वस्तु आली. त्या एकत्र आणावयास दहा वर्षें लागलीं, म्हणून त्या वेगळ्याच असाव्यात असें कोणीं समजूं नये.