लुझ पाहिलं आणि सुपा आठवला

मुलगा लिस्बनला नोकरीला आहे, म्हणून आम्हां दोघांचं युरोपला जाणं झालं. पॅरिसचं लूव्र पाहिलं, अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम पाहिलं. डोळे दिपले, पायही दुखले. पण मला सांगायचं आहे ते लुझ नावाच्या लहानशा गावाबद्दल.

माझं माहेर सुप्याचं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेलं सुपा हे तालुक्याचं ठाणं होतं. काळीवर धरण बांधायचं ठरलं आणि आमचं गाव बुडीत क्षेत्रात गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, आम्ही रामनगरला आलो. १९८७ साली १०१ मीटर उंचीचं ते धरण पुरं झालं. घरचे देव बाबांनी टोपलीत घालून आणले होते. शेजार मात्र फुटला. ज्यांच्या ओट्यावर मी वाढले ती माणसं आमच्या आळीत आली नाहीत. आई त्यांची नावं शेवटपर्यंत घेत होती.

ह्यांचं बालपण कॅसलरॉकचं, सासरे रेल्वेत होते. लिस्बनला जेरोनिमोस मठात वास्को द गामाच्या समाधीपाशी उभं असताना ह्यांना आठवली ती सासऱ्यांनी सांगितलेली जकात तपासणी. १९६१ पर्यंत आपल्या जोयडा तालुक्याच्या कडेला पोर्तुगालची हद्द होती. कॅसलरॉकला आपल्या बाजूची झडती व्हायची, घाट उतरून कुळ्याला पोर्तुगिजांची. १९५५ मध्ये नाकेबंदी झाली आणि हद्दीपलीकडची गाडीच थांबली. मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता.

त्यानंच मग आम्हांला लुझला नेलं. लिस्बनच्या पूर्वेला, स्पेनच्या सीमेजवळ ग्वादियाना नदीवर अल्केव्हा धरण आहे. उंची ९६ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सुप्याएवढंच. वाटेत मोन्साराझचा डोंगरी किल्ला लागला. तटावरून खाली पाहिलं तर दूरवर नुसतं पाणी. गणेशगुडीला सुप्याच्या धरणावर उभं राहिलं की पोटात जसं कालवतं, तसंच तिथे झालं.

२००२ च्या फेब्रुवारीत त्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि जुनं लुझ पाण्याखाली गेलं. त्याआधी जवळच नवं लुझ बांधलं होतं. जुन्या चर्चसारखंच चर्च, शक्य तिथे तोच शेजार. दफनभूमीतले पूर्वजसुद्धा नव्या गावात आणले. एवढं करूनही गाव हरवल्याचं दुःख राहिलंच असणार. ते कुठल्याही भरपाईत बसत नाही. पण तिथे २००३ साली एक संग्रहालय उभं राहिलं, आणि मी अडकले ती त्यात.

बुटकी, दगडी इमारत. आत राजेरजवाड्यांचं काही नाही. आहेत त्या गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू, शेतीची अवजारं, घरातली भांडीकुंडी. जवळच रोमन काळातली कास्तेलो द लोझा नावाची गढी होती. तीही बुडणार होती, म्हणून वाळूच्या पोत्यांनी आणि सिमेंटनं झाकून तिला पाण्याखाली जपून ठेवलं आहे. उद्या कधी पाणी हटलंच, तर ती सापडावी म्हणून! ही काळजी पाहून मला भरून आलं. हे काही बोलले नाहीत, माझ्या हाताला धरून उभे राहिले.

लूव्रमधल्या चित्रांची नावं मी विसरेन. लुझमधलं ते दालन विसरणार नाही, कारण तिथे मांडलेलं सगळं आमच्या घरी होतं. नांगर होता, सूप होतं, मुसळ होतं. कोनाड्यातला दिवासुद्धा. आम्ही ते वापरून झिजवलं, कुणाला देऊन टाकलं, किंवा हलवाहलवीत मागे सोडलं. जपायला हवं हे सांगणारं कुणी नव्हतं.

सुपा डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. जुना फोटो, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, इरलं, कणगी, जे काही घरात उरलं असेल ते रद्दीत किंवा भंगारात घालू नका. कुठलं घर कुणाच्या शेजारी होतं, हे नातवंडांकडून कागदावर उतरवून घ्या. रामनगरात त्यासाठी एक खोली उभी करू या. माझ्याकडे आईचं जातं आहे. पहिली वस्तू म्हणून ते मी देईन.