टेकडीवरचे वृक्षधन

१९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या अंमलात भोसरीपासून चाकणपर्यंतच्या जमिनी सातबाराच्या दफ्तरातून निघून भूखंडांच्या नकाशात जाऊन बसल्या, तेव्हा या प्रदेशाच्या ललाटी सावली लिहिलेली असेल असे कोणास वाटले नसावे. तथापि टेल्कोच्या आवारात सुमंत मूळगावकरांनी यंत्रांबरोबर तळ्याची आणि वृक्षांचीही तजवीज केली, आणि निगडीच्या दुर्गाटेकडीवर महापालिकेचे उद्यान झाले.

उद्यान महापालिकेचे खरे. पण हुकुमाने खड्डा खणता येतो, चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यातले रोप जगविता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडास वारसावृक्षाचा मान दिला. परंतु पन्नाशीपूर्वीची पहिली तीन वर्षे कोणत्या कलमाने निभावतात? ती निभावतात माणसांनी. घोराडेश्वराच्या डोंगरावर, देहूजवळच्या भंडाऱ्यावर, मुरमाच्या चढणीने डबे आणि बाटल्या वाहणारी श्रमदानाची मंडळी पाहिली, की सार्वजनिक वृक्षसंग्रह कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मिळकतपत्रिकेबाहेर आहे हे पटते.

आपल्याकडे ही वहिवाट जुनीच आहे. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या ज्या देवराया अभ्यासिल्या, त्या देवाच्या धाकाने आणि गावाच्या एकमताने राखल्या गेल्या होत्या. आळंदीचा अजानवृक्ष तर या कारखान्यांच्या शेजारीच आहे. त्याची मुळी ज्ञानदेवांच्या कंठास लागली आणि ती दूर करावयास एकनाथ आले, अशी कथा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद पंडितांनी घालावा, मला तीत झाडाची निगा दिसते, आणि त्या वृक्षाखाली आजही पारायणास बसणारा वारकरी हाच त्याचा खरा रखवालदार वाटतो. आता धाक ओसरला आहे. एकमत तेवढे नव्याने जमवावयाचे आहे.

एका गोष्टीत मात्र उत्साही मंडळींशी माझा मतभेद आहे. उजाड टेकडी चटकन हिरवी व्हावी म्हणून पुण्याच्या आसपास गिरिपुष्पाची अमाप लागवड झाली. शेळी त्यास सहसा तोंड लावीत नाही, वाढ झपाट्याची, फांदी रोवली तरी फुटते. कागदावर जगलेल्या झाडांचा आकडा भरतो, पण त्याच्या दाटीखाली दुसरे फारसे काही रुजत नाही. संग्रह म्हणावयाचा तर त्यात वारस, मेडशिंगी, मोई, भोकर, वावळ, पांगारा आणि सालई यांना जागा हवी, आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी मराठी नावाची पाटी हवी, म्हणजे कामावरून परतणाऱ्या कामगाराच्या मुलासही आपल्या मातीची ओळख पटेल.

म्हणून टेकडीवर जाणाऱ्यांस एवढीच विनंती: आषाढात रोप नेणारे पुष्कळ आहेत, आपण वैशाखात पाणी घेऊन जावे.