आमचा तीन पायांचा मॉडेल

मॉडेल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रॅम्प, लाइट्स, झिरो फिगर... माझ्या डोळ्यांसमोर येतो बंड्या. वजन ४२ किलो, रंग काळा, जेवणाआधी लाळेचं तळं करणारा. पण शास्त्रज्ञांच्या भाषेत त्याच्यासारखे कुत्रे चक्क ‘मॉडेल’ असतात. लार्ज अ‍ॅनिमल मॉडेल!

बंड्या आमचा रॉटवायलर. २०२२च्या पावसाळ्यात तो पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. एक्स-रे, बायोप्सी, आणि मग तो जडजंबाल शब्द : ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘हे बघा, पाय काढावा लागेल. पण खरा प्रश्न पायाचा नाहीये. फुप्फुसांचा आहे.’’

छातीचा एक्स-रे तर क्लीन होता. मग फुप्फुसं कुठून आली मध्येच?

तर या कॅन्सरचा फंडाच असा आहे. गाठ हाताला लागते, तोवर बहुतेक कुत्र्यांमध्ये थोड्या पेशी रक्तातून फुप्फुसांत जाऊन बसलेल्याही असतात. इतक्या बारीक, की एक्स-रेत दिसतच नाहीत. पाय काढला की मूळ गाठ गेली, पण जीव घेतात त्या या फितूर पेशी. कॅन्सरचं हे पसरणं म्हणजे मेटास्टॅसिस. माणसांतही कॅन्सरने होणारे बहुतेक मृत्यू पहिल्या गाठीमुळे नाही, या पसरण्यामुळे होतात.

त्या रात्री झोप कुठली येतेय! नेटवर वाचत बसले, आणि एका गोष्टीपाशी थबकले. हाच आजार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना होतो. भराभर उंची वाढायच्या वयात, बहुतेकदा गुडघ्याजवळ. तिथूनही तो फुप्फुसांतच जातो. मायक्रोस्कोपखाली मुलाची गाठ कुठली आणि कुत्र्याची कुठली, हे सांगणं कठीण. अमेरिकेत वर्षाला जेमतेम हजारभर माणसांना तो होतो, कुत्र्यांना मात्र दहा हजारांहून जास्त.

मग उंदीर आहेत ना प्रयोगाला? आहेत. त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पण उंदराला बहुतेक वेळा कॅन्सर ‘दिलेला’ असतो. माणसाच्या पेशी टोचायच्या, तर आधी त्याची प्रतिकारशक्ती बंद पाडायची. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. पेशी आपणहून सुटते कशी, रक्तातल्या पहारेकऱ्यांना चुकवते कशी, महिनोन्‌महिने गप्प बसून मग उठते कशी, हे अशा शरीरात किती कळणार? बंड्याचा कॅन्सर त्याचा स्वतःचा होता. प्रतिकारशक्ती शाबूत, फुप्फुसं दणकट, आणि आमच्याच घरातली हवा खाऊन तो आठ वर्षांचा झालेला.

हे ओळखूनच अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००३ साली ‘कम्पॅरेटिव्ह ऑन्कॉलॉजी प्रोग्रॅम’ सुरू केला. त्यातल्या ट्रायल्समध्ये पिंजऱ्यातले कुत्रे नसतात. असतात घरातले लाडोबा. येतात, उपचार घेतात, संध्याकाळी आपल्या सोफ्यावर परत. फॉर्मवर सही अर्थात मालकाची.

यातून काही हाती लागलं का? मिफामुर्टाइड नावाचं, प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध घ्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाय काढल्यावर ते दिलेले कुत्रे सरासरी २२२ दिवस जगले, न दिलेले ७७ दिवस. २००९मध्ये युरोपात ते मुलांसाठी मंजूर झालं. उलटही घडतं. रॅपामायसिनकडून खूप आशा होती. ३२४ कुत्र्यांवरच्या ट्रायलचा निकाल २०२१मध्ये आला : नेहमीच्या उपचारांत त्याची भर घालून काहीच फायदा नाही. वाईट वाटतं, पण तेही उत्तरच. एका पोकळ आशेपायी मुलांची वर्षं तरी जाणार नाहीत.

बंड्याचा पाय काढला. तिसऱ्या दिवशी साहेब तीन पायांवर गेटपर्यंत! मग दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन, माणसांना देतात तेच. तो अकरा महिने जगला, त्यातले दहा अगदी मजेत. मग खोकला सुरू झाला. फुप्फुसं.

तो कुठल्याच ट्रायलमध्ये नव्हता. ऑफिसमध्ये ट्रायलचा विषय काढला, तर एक मैत्रीण फिस्कारली, ‘‘ए, घरच्या कुत्र्याला प्रयोगाचा उंदीर करायचा?’’ तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कुत्र्याला कोण विचारतं? तो ‘हो’ म्हणू शकत नाही, ‘नाही’ही म्हणू शकत नाही. आणि मालक त्या क्षणी इतका हवालदिल असतो, की समोर येईल त्यावर सही करेल. म्हणून आधी त्या कुत्र्याचं भलं, मग विज्ञान, ही अट हवीच. त्रास वाढला की ट्रायलमधून बाहेर पडायचा हक्कही हवा.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. नुसता पाय काढला तर असे कुत्रे साधारण चार-पाच महिने काढतात, केमो जोडली तर वर्षाच्या आसपास. हे डॉक्टरांना कसं कळलं? कुणाच्या तरी बंड्यांवरून. त्यांच्या घरच्यांनी रडत रडत कधीतरी सही केली, म्हणून आमच्या वाट्याला ते जास्तीचे महिने आले. गॅलरीतलं ऊन, चोरलेली पोळी, कुरियरवाल्यावरचं भुंकणं, सगळं त्यांच्या उधारीवर.

त्यामुळे ‘मॉडेल’ हा शब्द मला आता खटकतो. मॉडेल म्हणजे नमुना, खऱ्याची नक्कल. बंड्याच्या आजारात नकली काहीच नव्हतं. एकाच वॉर्डातले दोन पेशंट म्हणा हवं तर, एक दोन पायांचा, एक चार. एकाला गुण आला की दुसऱ्याची आशा वाढते.

मला कुणी फॉर्म दिला असता तर? दोनदा वाचला असता, डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारून भंडावलं असतं. आणि सही केली असती.